लंगरापासून दिवाणापर्यंत

१८७३ साली अमृतसरच्या मिशन शाळेतल्या चार शीख विद्यार्थ्यांनी आपण ख्रिस्ती होणार असल्याचं जाहीर केलं आणि शहरात खळबळ उडाली. पंजाबातलं शीख राज्य इंग्रजांनी घेतलं त्याला तेव्हा पंचवीस वर्षंही झाली नव्हती. घरची मुलं हातची जातात की काय, या धास्तीतून त्याच वर्षी अमृतसरमध्ये सिंग सभा स्थापन झाली. नुसत्या निषेधाच्या सभा भरवून ही मंडळी थांबली नाहीत. शाळा निघाल्या, छापखाने निघाले, १८९२ मध्ये अमृतसरला खालसा कॉलेज उभं राहिलं. या चळवळीतले मोठे लेखक भाई वीर सिंग स्वतः मिशन शाळेतच शिकलेले होते. आपल्या वयाच्या पोरांना काय वाचावंसं वाटतं, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. १८९४ मध्ये त्यांनी स्वस्त पुस्तिका काढणारी खालसा ट्रॅक्ट सोसायटी सुरू केली, १८९८ मध्ये ‘सुंदरी’ ही कादंबरी लिहिली आणि पुढच्याच वर्षी ‘खालसा समाचार’ हे पत्र काढलं. कादंबरी हा प्रकार पंजाबीत तेव्हा नवा होता. तरुणांना आवडणारा साहित्यप्रकार उचलायचा आणि त्यातून त्यांचाच इतिहास त्यांच्यापुढे ठेवायचा, असा तो विचार होता.

दीडशे वर्षांनंतर तोच प्रश्न वेगळ्या रूपात समोर आहे. आता समोर पाद्री उभा नाही. अंतर पडतं ते आपोआप, पिढीगणिक. कॅनडात २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७ लाख ७२ हजार शीख होते, इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ५ लाख २४ हजार. लंडनमध्ये पहिला गुरुद्वारा सुरू झाला १९११ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनचा १९१२ मध्ये. म्हणजे काही कुटुंबांची चौथी-पाचवी पिढी आता परदेशात वाढते आहे. या मुलांना गुरुद्वारा परका नाही. बारशापासून लग्नापर्यंत सगळं तिथेच होतं. पण रविवारच्या दिवाणात तास-दीड तास बसल्यावर त्यातलं किती त्यांच्यापर्यंत पोहोचतं, हा खरा प्रश्न आहे.

दिवाण म्हणजे गुरू ग्रंथ साहिबसमोर भरणारी संगत, भाविकांची सभा. डोकं झाकून, पादत्राणं बाहेर ठेवून माणूस आत येतो, ग्रंथापुढे माथा टेकतो आणि जमिनीवर बसतो. रागी म्हणजे कीर्तनकार; त्यांच्या जथ्यात बहुधा तिघे असतात: दोघे हार्मोनियमवर गाणारे, एक तबल्यावर. कीर्तनानंतर कथा, म्हणजे एखाद्या शबदाचं (ग्रंथातल्या पदाचं) विवरण किंवा गुरूंच्या आयुष्यातला प्रसंग. मग आनंद साहिबचं गायन, सगळ्यांनी उभं राहून केलेली अरदास (प्रार्थना) आणि ग्रंथ उघडून जे पान समोर येईल तिथला शबद वाचणं, म्हणजे हुकूमनामा. शेवटी कडा प्रसाद हातावर पडतो आणि पंगती लंगरात बसतात. याची रचना सुंदर आहे. तिला सुरुवात, चढ आणि शेवट आहे. पण ज्याला शब्द कळत नाहीत त्याला ही रचना जाणवत नाही. त्याच्या लेखी ते एक लांबलचक बसणं असतं.

शब्द न कळण्याला दोन पदर आहेत, आणि वडीलधारे बहुतेकदा एकच पाहतात. ‘पोरांना पंजाबी येत नाही’ ही तक्रार खरी असली तरी अपुरी आहे. अस्खलित पंजाबी बोलणाऱ्या लुधियान्याच्या तरुणालाही बाणीतलं, म्हणजे ग्रंथातल्या रचनांमधलं, सगळं कळत नाही. गुरू अर्जन देवांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या आणि पुढे गुरू तेग बहादुरांची बाणी मिळवून पूर्ण झालेल्या या १४३० अंगांच्या (पानांना शीख आदराने अंग म्हणतात) ग्रंथात सहा गुरूंबरोबर कबीर, रविदास, शेख फरीद, नामदेव असे कितीतरी संत आहेत. जुनी पंजाबी, ब्रज, संतांची मिश्र बोली, फारसी शब्द, नामदेवांच्या पदांत तर मराठी वळणंही. मराठी घरातल्या मुलाला टीपेशिवाय ज्ञानेश्वरी ऐकवली तर त्याचं जे होईल, तेच अमृतसरच्या मुलाचं होतं. बर्मिंगहॅमच्या मुलाला तर आधी पंजाबी आणि मग बाणीची भाषा असे दोन उंबरठे ओलांडायचे असतात.

यावरचा एक उपाय आज जगभरच्या गुरुद्वाऱ्यांत भिंतीवर दिसतो. रागी गात असतो तेव्हा बाजूच्या पडद्यावर तीच ओळ गुरमुखीत उमटते, खाली रोमन लिपीत तिचा उच्चार आणि इंग्रजी अर्थ. त्यामागे ‘सिखी टू द मॅक्स’सारखी सॉफ्टवेअर असतात. त्यांची शोधण्याची पद्धत कौतुकाची आहे. रागीने ओळ उचलली की संगणकावर बसलेला सेवादार त्या ओळीतल्या प्रत्येक शब्दाचं फक्त पहिलं अक्षर टंकतो. चार-पाच अक्षरांत १४३० अंगांतून नेमका शबद सापडतो आणि तो पुरा पडद्यावर येतो. मग रागी पुढे जाईल तशी ओळ पुढे सरकवायची. तो टेकेकडे परतला की आपणही परतायचं. हे काम बहुतेक ठिकाणी पंधरा-वीस वर्षांची मुलंमुली करतात. गंमत अशी, की हे काम करणाऱ्याला दोन तास एकही ओळ निसटू देता येत नाही. दिवाणात सर्वांत लक्ष देऊन ऐकणारा माणूस पुष्कळदा तोच असतो.

पडद्याला विरोधही झाला. संगतीचे डोळे ग्रंथाऐवजी भिंतीकडे लागतात, जुने इंग्रजी अनुवाद ख्रिस्ती प्रार्थनेच्या भाषेत झाले आहेत, रागाचा रस जातो. यातला अनुवादाचा आक्षेप वजनदार आहे. बाणीचा गाभा एका ओळीच्या इंग्रजीत मावत नाही आणि चुकीचा अर्थ एकदा डोक्यात बसला की तो काढणं अवघड. तरीही पडदा काढून टाकणं हा त्यावरचा इलाज नव्हे. प्राध्यापक साहिब सिंग यांनी बाणीचं व्याकरण उलगडून दहा खंडांचं ‘गुरू ग्रंथ साहिब दर्पण’ लिहिलं ते पंजाबी वाचकासाठी. त्या तोडीचं काम इंग्रजी वाचणाऱ्या मुलांसाठी व्हायला हवं, एवढाच त्याचा अर्थ.

भाषेचा दुसरा मार्ग कथेतून जातो. परदेशातल्या अनेक गुरुद्वाऱ्यांतले ग्रंथी आणि कथाकार पंजाबातून आलेले असतात. त्यांचा पाठ शुद्ध, अभ्यास पक्का. पण शाळेत उत्क्रांती शिकून आलेल्या मुलीने प्रश्न विचारला तर तिच्या भाषेत उत्तर देणं त्यांना जमतंच असं नाही. ही पोकळी ओळखून जगराज सिंग यांनी २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये ‘बेसिक्स ऑफ सिखी’ सुरू केलं. जपजी साहिब या बाणीचं इंग्रजीतून सविस्तर विवरण, केस का राखायचे, देव म्हणजे काय, जात का मानायची नाही असे प्रश्न घेऊन केलेली चित्रफीत-व्याख्यानं, शहरातल्या भर रस्त्यात मेज मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलणं. २०१७ मध्ये कर्करोगाने त्यांचं अकाली निधन झालं. व्याख्यानं मात्र आजही ऐकली जातात. त्यांच्या बोलण्याचं बळ असं, की कुठलाही प्रश्न त्यांना उद्धट वाटत नसे. घरात ‘असं विचारू नये’ हे ऐकत आलेल्या मुलांना ती मोकळीक फार मोठी होती.

लीड्स विद्यापीठाचे अभ्यासक जसजित सिंग यांनी ब्रिटनमधल्या अठरा ते तीस वर्षांच्या शिखांना धर्म कुठून कळतो, याचा अभ्यास केला आहे. घर आणि गुरुद्वारा यांच्याबरोबरच उन्हाळी शिबिरं, विद्यापीठांतल्या शीख विद्यार्थी संघटना आणि इंटरनेट ही ठिकाणं त्यात ठळकपणे पुढे येतात. शिबिराचं महत्त्व समजायला त्याचा दिवस पाहावा. पहाटे उठून एकत्र नितनेम (रोजचा प्रार्थनापाठ), वयाप्रमाणे वर्ग, दुपारी गतका ही शस्त्रविद्या किंवा कीर्तनाचा सराव, खेळ, संध्याकाळी रहिरास आणि रात्री झोपण्याआधी कीर्तन सोहिला या प्रार्थना. स्वयंपाक आणि भांडी मुलांकडेच. शिकवणारे पंचविशीतले ताई-दादा, जे स्वतः काही वर्षांपूर्वी याच शिबिरात आले होते. शाळेत शेकडो मुलांत एकटाच पटका बांधणारा मुलगा इथे आठवडाभर सगळ्यांसारखा असतो. आपण एकटे नाही हे त्याला कोणी सांगावं लागत नाही.

उत्तर अमेरिकेत आणखी एक जुनी आणि चांगली पद्धत आहे: सिख युथ सिम्पोझियम. दरवर्षी वयोगटानुसार एकेक पुस्तक नेमलेलं असतं. मुलं ते वाचतात, दिलेल्या प्रश्नांवर गुरुद्वाऱ्यात संगतीसमोर उभी राहून बोलतात आणि स्थानिक फेरीतून पुढच्या फेऱ्यांत जातात. आठ वर्षांची मुलगी माईकसमोर उभी राहते तेव्हा आजवर फक्त ऐकण्यासाठी बसलेली जागा तिची स्वतःची होते. आणि आजोबांना पहिल्यांदा कळतं, की नात इंग्रजीतून का होईना, गुरू अमरदासांविषयी त्यांना नवं काही सांगू शकते.

अगदी लहानांना मात्र साखी, म्हणजे गोष्ट, सर्वांत जवळची. गुरूंची भूमिका कोणा नटाने करू नये हा शिखांचा संकेत आहे, त्यामुळे सिनेमाला इथे मर्यादा पडतात. २०१४ च्या ‘चार साहिबजादे’ या ॲनिमेशनपटाने गुरू गोविंद सिंगांच्या चार पुत्रांची कथा सांगितली, ती गुरूंना स्थिर चित्राच्या रूपात ठेवूनच. सरहिंदमध्ये कोवळ्या वयात प्राण गमावलेल्या धाकट्या दोघांची गोष्ट पाहून मुलं रडत बाहेर पडली आणि घरी जाऊन आजीला प्रश्न विचारू लागली.

संगीताची वाट याहून खोल जाते. गुरू ग्रंथ साहिबची मांडणीच मुळात रागांनुसार आहे. एकतीस प्रमुख राग. गुरू नानकांबरोबर भाई मर्दाना रबाब घेऊन हिंडत. हार्मोनियम ही एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेली पेटी. मे २०२२ मध्ये शिखांचं सर्वोच्च धर्मपीठ असलेल्या अकाल तख्ताच्या जथेदारांनी शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीला सांगितलं, की अमृतसरच्या हरिमंदिर साहिबमधून (सुवर्णमंदिरातून) तीन वर्षांत हार्मोनियम टप्प्याटप्प्याने काढून त्या जागी तंतुवाद्यं आणावीत. त्यावर रागी मंडळींत बरीच चर्चा झाली. पेटीवर घडलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कीर्तनाचं काय, हा त्यांचा सवाल योग्यच होता. पण परदेशातल्या कित्येक तरुणांनी तोवर दिलरुबा, ताऊस, सरंदा आपणहून हाती घेतले होते. रॉक ऐकून वाढलेल्या मुलाला ताऊसच्या मोराच्या आकाराने खेचून घ्यावं आणि मग आसा राग त्याच्या बोटांत उतरावा, असं खरोखर घडतं. ज्याला एक शबद वाजवता येतो तो दिवाणात ऐकणारा म्हणूनही वेगळा होतो: राग कुठला, अस्थायी कुठली, रागी कुठे थांबणार, याकडे त्याचं लक्ष लागतं.

इथेच मुलींचा प्रश्न येतो आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. टोरंटो, लंडन, दिल्ली इथल्या गुरुद्वाऱ्यांत मुली कीर्तन करतात, तबला वाजवतात, पाठ वाचतात. १९३६ मध्ये मंजूर झालेली आणि १९४५ मध्ये सुधारलेली शीख रहत मर्यादा ही आचारसंहिता स्त्रियांना त्यापासून रोखत नाही. हरिमंदिर साहिबच्या गर्भगृहात मात्र स्त्रियांचं कीर्तन होत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये पंजाब विधानसभेने ते व्हावं असा ठराव केला. निर्णय धार्मिक संस्थांच्या हाती आहे. गुरूंनी स्त्री-पुरुष समान मानले हे शिबिरात शिकलेली सोळा वर्षांची मुलगी अमृतसरला जाते आणि विचारते, ‘मग इथे मी का नाही?’ या प्रश्नाला परंपरेचा हवाला देऊन भागत नाही. तरुणांना धर्माजवळ आणायचं असेल तर त्यांनी धर्म मनावर घेतला म्हणून विचारलेल्या अशा प्रश्नांना उत्तर द्यावं लागेल.

मुलांची परीक्षा मात्र रोज सकाळी आरशासमोर सुरू होते. केस आणि दस्तार (पगडी) ही श्रद्धेची अशी खूण, जी खिशात ठेवता येत नाही. अमेरिकेतल्या सिख कोएलिशन या संस्थेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक शीख मुलांनी शाळेत छळ सोसल्याचं सांगितलं. पगडी बांधणाऱ्यांत हे प्रमाण दोन तृतीयांशाच्या आसपास होतं. ब्रिटनमध्ये एका शाळेने पगडी बांधणाऱ्या मुलाला प्रवेश नाकारला तेव्हा ‘मांडला विरुद्ध डॉवेल ली’ हा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १९८३ मध्ये निकाल मुलाच्या बाजूने लागला. कायद्याने दार उघडलं. दारातून रोज आत जायचं धैर्य मात्र दुसरीकडून यावं लागतं. म्हणून दस्तारबंदीचा विधी मोलाचा. मुलगा गुरू ग्रंथ साहिबसमोर बसतो, घरातले वडीलधारे किंवा ग्रंथी त्याच्या डोक्यावर पहिली पगडी बांधतात, संगत जयकारा देते. त्याआधी अनेक गुरुद्वाऱ्यांत तरुण मुलं धाकट्यांना पगडीचे पेच शिकवतात: कापड ओलं करून ताणायचं कसं, पहिला लड कुठे बसवायचा, कानावरची घडी कशी सारखी करायची. आता मुलीही हौसेने शिकतात.

इतकं सगळं असलं तरी आजच्या तरुण शिखाला विचारलं, की तुला तुझ्या धर्मातलं काय भावतं, तर पुष्कळदा पहिलं उत्तर येतं: सेवा. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या लाटेत, दिल्लीच्या आसपास रुग्णालयांत प्राणवायू मिळेना, तेव्हा गाझियाबादच्या इंदिरापुरम गुरुद्वाऱ्याने ऑक्सिजन लंगर मांडला. रुग्ण रिक्षात, गाडीत, पदपथावर. आणि सिलिंडर उचलून धावणारे कितीतरी सेवादार विशी-तिशीतले. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या खालसा एड या मदतसंस्थेचं काम पाहून युरोपातली मुलं आपलं शिक्षण सांभाळून मदतछावण्यांवर जातात. विद्यापीठांच्या आवारात शीख संघटना लंगर मांडतात आणि सगळ्या धर्मांची, कुठल्याच धर्माची नसलेली मुलं जमिनीवर एका पंगतीत बसून डाळ-रोटी खातात.

मात्र एक गोष्ट नीट पाहायला हवी. कित्येक गुरुद्वाऱ्यांत ही मुलं खाली लंगरात घामाघूम होऊन रोट्या शेकतात आणि वर दिवाणात फिरकत नाहीत. काही वडीलधारे त्यांना नावं ठेवतात. ते अन्यायाचं आहे. लंगरही गुरूंचाच, आणि गुरू अमरदासांनी तर आधी पंगत, मग संगत असा क्रम ठेवला होता. पंगतीतून संगतीकडे जाणारी वाट गुरूंनीच आखलेली असेल, तर त्या वाटेवर चार पायऱ्या बांधणं हे प्रबंधकांचं काम. काही ठिकाणी ते सोप्या रीतीने होतं. लंगराचं काम सुरू करण्याआधी मुलं एकत्र अरदास करतात आणि ती त्यांच्यातलाच एकजण म्हणतो. सेवा संपल्यावर दहा मिनिटं त्या दिवसाच्या हुकूमनाम्याचा अर्थ बोलला जातो. अमृतसरचा हुकूमनामा रोज सकाळी फोनवर येतोच; तो पुढे धाडण्याऐवजी त्यावर कोणीतरी दोन वाक्यं बोलायची एवढंच.

मराठी मुलखाचाही या कथेत स्वतःचा भाग आहे. ग्रंथाला गुरुपद मिळालं ते १७०८ मध्ये, नांदेडला, गोदावरीच्या काठी. महाराजा रणजित सिंगांच्या काळात १८३२ ते १८३७ दरम्यान तिथे तख्त सचखंड श्री हजूर साहिबची आजची वास्तू उभी राहिली. नांदेडची शीख मुलं शाळेत मराठी शिकतात, देवनागरीत लिहितात. गुरमुखी त्यांना वेगळी शिकावी लागते. देवनागरीत छापलेले नितनेमाचे गुटके (छोट्या पोथ्या) त्यांच्यासाठी आणि उत्तर भारतातल्या हिंदी शिकलेल्या शीख मुलांसाठी पहिला आधार ठरतात. पण या मुलांच्या हाती एक ठेवा असा आहे, जो व्हँकुव्हरच्या मुलाकडे नाही. नामदेवांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत आणि त्याच नामदेवांचे अभंग त्यांच्या शेजारच्या घरात, त्यांच्या मराठीच्या पुस्तकात आहेत. पंजाबातल्या घुमान या नामदेवांच्या गावी २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा हे नातं दोन्हीकडच्या लोकांनी प्रत्यक्ष पाहिलं. नांदेडच्या शीख आणि मराठी शाळकरी मुलांनी नामदेवांची दोन्हीकडची पदं एकत्र गायली, तर तो धडा कुठल्याही पाठ्यपुस्तकाहून मोठा ठरेल.

शिखांच्या उपासनेत एक सोय अशी आहे, जी तरुणांच्या कामी येते: तिथे पुरोहितवर्ग नाही. रहत मर्यादा सांगते, की प्रत्येक शीख स्त्री-पुरुषाने, मुला-मुलीने गुरमुखी शिकून गुरू ग्रंथ साहिब वाचावा. म्हणजे ग्रंथासमोर बसून वाचण्याचा हक्क पगारी ग्रंथीपुरता नाही. अखंड पाठ साधारण अठ्ठेचाळीस तास न थांबता चालतो. तो अनुभवी पाठींचं काम. पण सहज पाठ आपल्या गतीने करायचा असतो. रोज चार अंगं वाचली तर १४३० अंगं वर्षभरात पुरी होतात. पंधरा-वीस जणांच्या गटाने वर्षभराचा सहज पाठ धरला, ज्याला गुरमुखी येते त्याने ग्रंथातून, ज्याला येत नाही त्याने आधी देवनागरी किंवा रोमन लिपीतून वाचला आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांनी अडलेले शबद एकमेकांना विचारले, तर वर्षाअखेरीस भोगाचा, म्हणजे पाठाच्या समाप्तीचा, दिवस येतो. नवव्या गुरूंचे श्लोक आणि मुंदावणी वाचून पाठ पुरा होतो, मग अरदास आणि हुकूमनामा. त्या दिवशी ग्रंथीजींनी बाजूला बसावं, चौरी एखाद्या मुलाच्या हाती द्यावी आणि हुकूमनामा वर्षभर अडखळत शिकलेल्या मुलीने वाचावा, एवढं करायला कुठल्याही प्रबंधक समितीला नवा ठराव लागत नाही.